कधी सुरू होते, कधी होत नाही : किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीचा सेल्फ आणि अर्थिंग

आमच्याकडे २००४ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून सरळ रेषेत अर्धा किलोमीटरही नाही, आणि गाडी पडवीला लागून घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. शेडच्या तीन बाजू उघड्या आहेत. आईला दर महिन्याला तपासणीसाठी चिपळूणला न्यावे लागते. ते अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे, आणि पहाटे दुसरे वाहन लगेच मिळेल अशी आमच्या वाडीची स्थिती नाही, त्यामुळे चावी फिरवल्यावर गाडी सुरू होईल याची खात्री असणे आम्हाला फार गरजेचे आहे. गेल्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती खात्री राहिली नव्हती. गाडी एखाद्या सकाळी पहिल्या सेल्फला (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) सुरू होई, तर दुसऱ्या सकाळी चार-पाच वेळा चावी फिरवूनही इंजिन जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबे, आणि तासाभराने पुन्हा काहीच झाले नसल्यासारखी सुरू होई. या पाच महिन्यांत आम्ही नवी बॅटरी घातली, सेल्फ उघडून कार्बन आणि बुश बदलले, इग्निशन स्विचही बदलला. मूळ दोष तसाच राहिला. तो अखेर कसा सापडला आणि त्या ओघात या प्रकारच्या तक्रारीबद्दल जे समजले, ते किनाऱ्यालगत जुनी गाडी सांभाळणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी अडचण ही असते की गॅरेजमध्ये नेल्यावर तो दिसत नाही. मेस्त्री चावी फिरवतात, गाडी सुरू होते, आणि मग जो भाग सर्वांत संशयास्पद वाटतो तो बदलण्याचा सल्ला दिला जातो. यात मेस्त्रींचा दोष काढण्यासारखे काही नाही, कारण न दिसणारे दुखणे अंदाजानेच सांगावे लागते. म्हणून पहिले काम गाडीच्या मालकाचे आहे. एक छोटी वही गाडीत ठेवावी आणि गाडी सुरू झाली नाही अशा प्रत्येक वेळी तारीख, वेळ, आदल्या रात्री पाऊस होता का, गाडी किती तास उभी होती, इंजिन गार होते की गरम, चावी फिरवल्यावर नेमका कोणता आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले का, एवढे लिहून ठेवावे. माझ्या वहीत ऑगस्टअखेरपर्यंत अशा ९ नोंदी जमल्या होत्या. त्यांतल्या ७ रात्रभर झड लागून गेल्यानंतरच्या सकाळच्या होत्या आणि २ धोपावे-दाभोळ फेरीबोटीतल्या होत्या. गरम इंजिनाची, कोरड्या दिवसाची एकही नोंद नव्हती. एवढ्यावरून पेट्रोल पंप, सेन्सर वगैरे गोष्टी यादीत मागे पडल्या आणि ओलावा पुढे आला.

फेरीबोटीतला दुसरा प्रसंग मला विसरता येत नाही. दाभोळच्या जेटीला बोट लागली, फळी खाली आली, पुढच्या दोन गाड्या उतरल्या आणि आमची गाडी जागची हलेना. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि चावी फिरवल्यावर मात्र एक जड ‘घर्र’ होऊन शांतता. बोटीवरच्या खलाशांनी आणि मागच्या गाडीतल्या माणसांनी ढकलून गाडी जेटीच्या चढावर घेतली. तिथे जमलेल्यांपैकी प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, “दिवे लागतायत ना? मग बॅटरी चांगली आहे, सेल्फ गेलाय.” हे वाक्य इतके सर्वमान्य आहे की त्याच्याच भरवशावर आम्ही सेल्फ उघडला होता. ते अर्धेच खरे का आहे, हे पुढे हिशेबाने सांगतो.

आधी आवाज ओळखावा

गाडी ‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमके काय होते, हे ठरवल्याशिवाय एकही पाना हातात घेऊ नये. इंजिन फिरते आणि पेटत नाही, ही एक तक्रार झाली. इंजिन फिरतच नाही किंवा रडतखडत फिरते, ही दुसरी झाली. या दोन तक्रारींची कारणे जवळजवळ पूर्णपणे वेगळी आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की पैसा वाया जातो.

इंजिन फिरत नसेल तर कान देऊन ऐकावे. भराभर ‘टकटकटक’ असा आवाज येत असेल तर सेल्फवरच्या सोलेनॉइडपर्यंत (मोटरला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचपर्यंत) वीज पोहोचते आहे, पण मोटरने ओढ घेताच विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आहे. दाब कोसळला की सोलेनॉइडच्या गुंडाळीला आपला दांडा धरून ठेवता येत नाही, स्प्रिंग त्याला मागे ढकलते, ओढ थांबल्यामुळे दाब पुन्हा वाढतो आणि तोच फेरा नव्याने सुरू होतो. बॅटरी उतरलेली असणे किंवा बॅटरीच्या वायरीचा एखादा जोड खराब असणे, ही याची नेहमीची कारणे आहेत. एकच ठणठणीत ‘टक्’ येऊन पुढे काहीच होत नसेल तर सोलेनॉइडच्या आतल्या तांब्याच्या संपर्कपट्ट्या जळलेल्या असतात किंवा मोटरचे कार्बन झिजून आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) टेकेनासे झालेले असतात. अशा वेळी सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलका ठोका दिल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष सेल्फच्या आतच आहे असे समजायला हरकत नाही, मात्र तो ठोका म्हणजे दुरुस्ती नव्हे. मोटर ‘झूंऽऽ’ करून मोकळी फिरत असेल आणि इंजिन स्थिर असेल तर बेंडिक्सचा (सेल्फच्या पुढे सरकणाऱ्या दातेरी चाकाचा) दाता फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या) दात्यांत बसत नाही. अजिबात आवाज नसेल तर सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर, तिचा जोड, फ्यूज, रिले किंवा इग्निशन स्विच यांच्याकडे पाहावे. किनाऱ्यावर त्या बारीक वायरीचे पितळी टोक हिरवे पडलेले हमखास आढळते, आणि ते काढून, घासून, पुन्हा घट्ट बसवणे पाच मिनिटांचे काम आहे.

आमची तक्रार या कशातच नीट बसत नव्हती. इंजिन फिरे, पण अंगात त्राण नसल्यासारखे. या लक्षणाला सामान्यतः बॅटरीच जबाबदार धरली जाते, आणि बॅटरी तर नवी होती.

दिवे लागतात, तरी सेल्फ का फिरत नाही

छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० ते १५० अँपिअर वीज ओढतो. दोन्ही हेडलाइट मिळून १० अँपिअरच्या आसपास ओढतात. आता वाटेत कुठेतरी एक गंजलेला जोड आहे आणि त्याचा रोध ०.०२ ओहम इतका क्षुल्लक आहे असे धरू. हेडलाइट लावले असता त्या जोडावर १० गुणिले ०.०२, म्हणजे ०.२ व्होल्ट वाया जातात, आणि दिव्याच्या प्रकाशात डोळ्यांना काही फरक जाणवत नाही. त्याच जोडातून सेल्फचे १२० अँपिअर जायला निघाले की २.४ व्होल्ट वाया जातात. ओढ घेताना बॅटरीचा दाब आधीच साडेदहाच्या आसपास आलेला असतो, त्यातून हे २.४ गेले तर सेल्फच्या वाट्याला आठ व्होल्टच उरतात. बॅटरी ठणठणीत, सेल्फही ठणठणीत, आणि गाडी बंद, असे होऊ शकते ते याच कारणाने. दिव्यांवरून बॅटरी अगदीच मेलेली नाही एवढे कळते. मधल्या जोडांबद्दल दिवे काहीच सांगत नाहीत.

किनाऱ्यावर हा प्रकार इतका का घडतो, याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. पावसाळा लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात इतर क्षार मिसळलेले असल्याने ते त्याआधीच ओलावते. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे हे मीठ वर्षभर बॉनेटच्या आत प्रत्येक बोल्टवर, वायरीच्या प्रत्येक टोकावर आणि रबरी टोपणाखालच्या फटीत बसत असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर या काळात हवा सुकतच नाही, त्यामुळे त्या मिठाचे खारे पाणी होऊन तांबे, शिसे आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे गंज धरतो. तांब्याच्या तारेवर टोकाच्या बाजूने तो आत शिरतो, आणि वरचे प्लास्टिकचे आवरण चांगले दिसत असल्याने बाहेरून काही कळत नाही.

मल्टिमीटरने मोजणी

यासाठी फार महाग उपकरण लागत नाही. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो डीसीच्या २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवावा. चावी फिरवायला दुसरे माणूस लागते. आमच्याकडे भाचा सुट्टीत आलेला होता, त्याला मी शेजारी बसवून काय करायचे ते समजावले. इंजिन फिरावे पण पेटू नये यासाठी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, सैल कपडे आणि हात पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर, एवढी काळजी घेऊनच सुरुवात करावी. एका वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन मोजण्यांच्या मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण सेल्फची मोटर सतत चालवण्यासाठी बनवलेली नसते आणि ती लवकर तापते.

पहिली मोजणी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन खांबांवर (टर्मिनलवर) करावी. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसरी मोजणी सेल्फ मारत असताना तिथेच करावी. दाब ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमकुवत आहे किंवा नीट भरलेली नाही. इथेच एक बारकावा आहे, आणि मला तो कळायला फार उशीर झाला. इंजिन मंद फिरत असूनही बॅटरीच्या खांबांवरचा दाब चांगला टिकून राहत असेल, तर बॅटरी देण्यास तयार आहे आणि वाटेतले काहीतरी तिला देऊ देत नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमच्या गाडीत इंजिन रडत फिरत असताना खांबांवर १०.८ व्होल्ट होते. हा आकडा मी जुलैमध्ये पाहिला असता तर नव्या बॅटरीचे ४,५०० रुपये वाचले असते.

तिसरी मोजणी पॉझिटिव्हच्या वाटेची. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरे सेल्फवरच्या जाड बोल्टवर धरावे आणि सेल्फ मारावा. मीटर त्या वाटेत वाया गेलेला दाब थेट दाखवतो. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. आमचा ०.२ आला. चौथी मोजणी निगेटिव्हच्या वाटेची, म्हणजे सेल्फची वीज इंजिनाच्या धातूतून बॅटरीकडे परत जाते त्या वाटेची, जिला आपण अर्थिंग म्हणतो. एक टोक निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. खांबावर म्हणजे खांबाच्या शिशावरच धरावे, वरच्या क्लॅम्पवर धरू नये, कारण कित्येकदा दोष खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्येच असतो आणि क्लॅम्पवर टोक धरले तर तो मोजणीतून निसटतो. हा आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असावा. आमच्याकडे रात्री पाऊस पडून गेलेल्या सकाळी मी टोके धरली, भाच्याने चावी फिरवली आणि मीटरवर १.९ आले. मी तीनदा मोजले. १०.८ मधून १.९ आणि ०.२ गेले की सेल्फला ८.७ व्होल्ट मिळत होते. त्याच दिवशी दुपारी ऊन पडून गाडी तापल्यावर तीच मोजणी ०.६ आली आणि गाडी बऱ्यापैकी सुरू झाली. दोष अधूनमधून का दिसत होता, हे त्या दोन आकड्यांनी सांगितले.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी एक सोपी परीक्षा करावी. जंपर केबलची एक वायर घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट लावावे आणि मग गाडी सुरू करून पाहावी. जी गाडी क्षणापूर्वी रडत होती ती या जोडवायरीने एका सेल्फला सुरू झाली तर अर्थिंगचा दोष सिद्ध झाला. वायर चुकूनही पॉझिटिव्ह खांबाला लागू देऊ नये.

आत काय होते

निगेटिव्ह खांबावरून निघालेली जाड काळी केबल आमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या एका बोल्टवर येते. तो बोल्ट बॅटरीच्या ट्रेच्या खाली, चिखल उडतो अशा जागी आहे. बोल्ट घट्ट होता. टोकावरचे रबरी टोपणही जागच्या जागी होते. दोन गॅरेजमध्ये ही केबल पाहून, हलवून, ‘चांगली आहे’ असे सांगितले गेले होते, आणि वरून पाहता मीही तेच म्हणालो असतो. दहाच्या पान्याने बोल्ट सोडवून टोपण मागे सरकवले आणि केबल हाताने जरा वाकवली, तेव्हा तांब्याच्या टोकातून हिरवट पांढरी भुकटी झडली. आवरण चिरल्यावर आत बोटभर लांबीपर्यंत तारा काळ्या पडलेल्या होत्या. टोकापाशी शेवटी आठ-दहा तारा तेवढ्या चमकत होत्या, बाकीच्या बोटाने चुरगळल्या तर तुटत होत्या. रात्री ओल धरली की त्या भुकटीचा लगदा होई आणि जोड आणखी बिघडे, ऊन लागले की थोडा सुधारे.

केबलचे नुसते टोक घासून पुन्हा वापरू नये, कारण गंज आवरणाखाली किती आत गेला आहे हे दिसत नाही. आम्ही २५ चौरस मिलिमीटर जाडीची नवी तांब्याची केबल बनवून घेतली आणि तिची टोके हातोडीने ठोकून नव्हे, तर दाबयंत्राने क्रिम्प करून घेतली. टोक आणि आवरण यांच्यामधल्या फटीवर आतून डिंक असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवली, म्हणजे पाणी आत शिरायला वाट राहत नाही. केबल जिथे बसते तो गिअरबॉक्सचा भाग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला आणि जोड घट्ट झाल्यानंतर वरून ग्रीसचा जाड थर दिला. ग्रीसचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे आहे, त्यामुळे ते आवळण्याआधी धातूंच्या मध्ये भरण्यापेक्षा आवळल्यावर वरून लावलेले मला अधिक योग्य वाटते. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टीही बदलली. सगळा खर्च मजुरीसह सातशे रुपयांच्या आत झाला. त्यानंतर अर्थिंगची मोजणी ०.१२ व्होल्ट आली. बॅटरीच्या खांबांवरचा दाब मात्र सेल्फ मारताना १०.३ पर्यंत उतरू लागला. यात घाबरण्यासारखे काही नाही, सेल्फला आता हवी तेवढी वीज ओढता येते, म्हणून तो उतरतो.

बॅटरी सोडवताना निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि लावताना शेवटी लावावी. पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली तर शॉर्ट होऊन पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नको. खांबांवर जमलेली पांढरी-निळी बुरशी म्हणजे आम्ल आणि धातूंचे क्षार असतात. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने लावल्यावर फेस येऊन ती सुटते. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये.

इंजिन फिरते, पण पेटत नाही

ही तक्रार आमची नव्हती, तरी वाडीतल्या दोन गाड्यांना त्याच पावसाळ्यात होती, म्हणून थोडक्यात लिहितो. पावसाळी सकाळी इंजिन चांगले फिरूनही पेटत नसेल आणि गाडीला जुन्या पद्धतीच्या प्लगवायरी (स्पार्क प्लगला वीज नेणाऱ्या वायरी) असतील, तर काळोखात बॉनेट उघडून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. वायरींना चिरा गेल्या असतील तर ओल्या हवेत त्यांच्यावरून निळ्या ठिणग्या इंजिनाच्या अंगावर उडताना स्पष्ट दिसतात. त्या वायरींना हात लावू नये. एका गाडीत हेच होते आणि वायरींचा संच बदलल्यावर तक्रार गेली. दुसरी गाडी लांब फेरी मारून आल्यावर, इंजिन गरम असताना अडे आणि अर्ध्या तासाने सुरू होई. तिचा क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर तापल्यावर काम सोडत होता. अशा वेळी सेन्सरवर गार पाण्याने भिजवलेले फडके ठेवून तो थंड केल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर संशय बळावतो.

इंधनाच्या बाजूने पहिली परीक्षा कानानेच होते. इंजेक्शनच्या गाडीत चावी ‘ऑन’ला आणल्यावर मागच्या टाकीतून दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही तर फ्यूज आणि रिले पाहावेत, पंपाचा विचार त्यानंतर. गाडीच्या चावीत चिप असेल आणि डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी वापरून पाहावी. आणि उंदरांना विसरू नये. पावसात भाताच्या कणगीजवळ उभ्या केलेल्या गाडीत ते उबेला येतात आणि बारीक वायरी कुरतडतात.

चाकरमान्यांच्या उभ्या गाड्या

आमच्याकडे कित्येक घरांतली गाडी शिमग्याला येऊन उभी राहते ती गणपतीलाच पुन्हा चालते. अशा गाडीच्या बॅटरीची तक्रार वेगळी आहे. सर्व काही बंद असतानाही घड्याळ, स्टिरिओची स्मृती, सेंट्रल लॉक आणि इंजिनाचा संगणक मिळून २० ते ५० मिलिअँपिअर ओढत असतात. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात रिकामी. मागाहून बसवलेल्या स्टिरिओमुळे किंवा डिकीच्या न विझणाऱ्या दिव्यामुळे ही गळती ३०० मिलिअँपिअर झाली तर तीच बॅटरी पाच दिवसांत संपते. गळती मोजण्यासाठी निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या पट्टीवर लावावा, दारे बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग आकडा वाचावा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ कधीही मारू नये. रिकामी बॅटरी तशीच महिनोन्महिने पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाचे कठीण सल्फेट धरते आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. म्हणून गाडी उभी करून मुंबईला परतताना निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, आणि घरी कोणी असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावायला सांगावी. गाडी सुरू करून पाच मिनिटे जागीच घरघरत ठेवल्याने फारसा उपयोग होत नाही. सेल्फने घेतलेलीच वीज जेमतेम परत भरते.

ज्यांना गाडी ढकलून सुरू करण्याची सवय आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीचा पंप आणि संगणक चालत नाही आणि ढकलण्याचा काही उपयोग होत नाही. उतारावर इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पायाखाली दाबल्यावर संपतो आणि ब्रेक अतिशय जड होतो, म्हणून आमच्याकडच्या घाट्यांत हा प्रयोग करू नये.

माझ्या आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या तयारीच्या) कामांत आता एक भर पडली आहे. मे महिन्यात कौले चाळताना आणि लाकडे भरताना एक सकाळ गाडीसाठी ठेवतो, या चार मोजण्या करतो आणि आकडे त्याच वहीत लिहितो. अल्टरनेटरची (इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राची) मोजणीही तेव्हाच होते: इंजिन जरा वाढवून, हेडलाइट लावून, बॅटरीच्या खांबांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत.

एक गोष्ट राहिली. दोष सापडण्याच्या महिनाभर आधीपासून ॲक्सिलरेटरचे पेडल जड लागत होते आणि गाडी न सुरू झालेल्या सकाळी बॉनेटखालून जळक्या प्लास्टिकचा मंद वास येई. त्याचा सेल्फशी संबंध असेल असे मला किंवा कोणालाच वाटले नाही. अर्थिंगची वाट बंद होत आली की सेल्फची वीज इंजिनावरून परत बॅटरीकडे जाण्यासाठी मिळेल तो धातू धरते, आणि ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची पोलादी केबल इंजिनाला बॉडीशी जोडतच असते. शंभर अँपिअरचा भाग त्या बारीक तारेतून गेला की ती तापते आणि तिचे आतले प्लास्टिकचे अस्तर वितळते. आमची केबल काढली तेव्हा इंजिनाकडच्या वळणावर तिचे आवरण फुगून तारेला चिकटलेले होते. अर्थिंगची केबल बदलली त्याच दिवशी तीही बदलली. सेल्फ मंद आणि पेडल जड, ही दोन्ही लक्षणे एका गाडीत एकदम दिसली, तर बॅटरीच्या दुकानात जाण्याआधी काळी केबल सोडवून तिचे टोपण मागे सरकवून पाहावे.